चौथ्या पाळीचा अकरावा दिवा

आमच्या अल्बमवर बंदी आली नाही, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बंदीची तयारी आम्ही पुरती केली होती. आमचा ड्रमवाला वाल्देमार भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालून हिंडत होता. त्याच्या आजोबांना, जर्मन म्हणून, एक्केचाळीस साली व्होल्गाकाठून उचलून इकडे आणलं तेव्हा मोजे घ्यायलाही वेळ दिला नव्हता, आणि त्या जर्मन घरात ही शिकवण तीन पिढ्या टिकून आहे. गिटारवाल्या अर्काडीने ध्वनिमुद्रणाच्या चार प्रती चार घरांत लपवल्या. त्यातली एक सासूच्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, बरणीमागे. तिथे पोलीस सोडा, सासराही हात घालत नाही. मी कॉलेजात देण्यासाठी राजीनामा लिहून ठेवला होता. चांगला उतरला होता तो. आणि अकिमातीनं, म्हणजे आमच्या नगरप्रशासनानं, आम्हाला काय पाठवलं? अभिनंदनाचं पत्र. दोन भाषांत.

आता पहिल्यापासून सांगतो.

तास्कोमिर हे खाणीचं गाव. इथला माणूस एक तर खाली उतरतो, नाहीतर उतरणाऱ्यांना काहीतरी शिकवतो. मी खाणकामाच्या कॉलेजात कोणता खांब किती वजनाखाली मोडतो ते शिकवतो आणि उरलेल्या वेळात बास गिटार वाजवतो. आमचा हार्ड रॉक बँड ‘काराशान’, म्हणजे काळी धूळ. वीस वर्षांत आम्ही गावातली निम्मी लग्नं वाजवली, पण दुसऱ्यांची गाणी, आणि तीही नवऱ्या मुलाची आजी हात करून सांगेल तेवढ्या आवाजात. वाल्देमार काइल खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याचं यंत्र सांभाळतो. अर्काडी खेगायचं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान आहे. आणि गाते रौशान. तिला लग्नांत कधी गाऊ देत नाहीत, कारण ती गायली की पाहुणे जेवायचे थांबतात.

रौशान खाणीच्या दिवेखोलीत कामाला आहे. खाली जाणारा माणूस तिच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला देतो आणि दिवा घेतो. ती बिल्ला खिळ्याला अडकवते, दिव्याचा नंबर वहीत लिहिते. माणूस वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपली आणि एखादा बिल्ला खिळ्यावर राहिला, तर एक माणूस खाली आहे. यात समजायला अवघड असं काही नाही. तीन मंत्रालयांच्या चौकशी समितीला मात्र ते समजलं नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत चौथ्या पाळीत खाली स्फोट झाला. हवेत वायू वाढला की वीज तोडणारं एक यंत्र भिंतीवर असतं. ते वीज तोडतं, मग काम थांबतं, मग कोळसा कमी निघतो, मग वरून फोन येतो. म्हणून त्या यंत्राला रुईभरला कोट गुंडाळतात. यंत्राला ऊब मिळते आणि ते गप्प बसतं. हे तास्कोमिरमधल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. समितीच्या अहवालात कोट नव्हता. अहवालात ‘मानवी घटक’ होता. मेले होते मानव, म्हणून घटकही त्यांच्यातच सापडला.

समितीनं सांगितलं, दहा मेले. रौशान म्हणाली, अकरा.

अकरावा मेइराम. कंत्राटदाराचा माणूस, कामावर चौथा दिवस. त्याला दिवा तिनं स्वतः दिला होता. तिनं साक्ष दिली, तेव्हा तिला वही दाखव म्हणाले. वही कंपनीनं स्फोटानंतर तासाभरात नेली होती. कंपनी म्हणाली, आग विझवताना वही भिजून गेली. दिवेखोली खाणीच्या तोंडापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, आणि तिथे त्या दिवशी भिजलं असेल तर रौशानच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं. अकरावा बिल्लाही दुसऱ्या दिवशी खिळ्यावर नव्हता. म्हणजे मेइराम खाली गेलाच नाही. मग गेला कुठे? पोलिसांनी लिहिलं, बहुधा रशियात, घरगुती कारणांवरून. घरी त्याची आई बातिमा आपा एकटी होती. तिच्याशी भांडून गेला, असा त्याचा अर्थ.

आता बातिमा आपाची अडचण बघा. मेलेल्या माणसाचं वर्ष झालं की आमच्यात आस घालतात: जनावर कापतात, सगळ्यांना बोलावतात, कुराण म्हणतात, त्याचं नाव घेतात, तेव्हा कुठे माणूस मोकळा होतो. बातिमा आपा वर्षाच्या वर्षाला सेइत्काली अक्साकालकडे जायची. तो आमच्या वस्तीतला सगळ्यांत वडीलधारा, चौऱ्याऐंशी वर्षांचा. तो दर वर्षी म्हणायचा, “बातिमा, जिवंत माणसाचा आस घालू नये. कागद म्हणतो तो जिवंत आहे. उद्या दारात उभा राहिला तर?” पाच वर्षं ती दार उघडून बघत होती. कागदाच्या जोरावर.

तर रौशाननं गाणं लिहिलं. आठ मिनिटांचं. त्यात कडवं नाही, ध्रुवपद नाही. दिव्याचा नंबर, मग ड्रमचे चार ठोके, मग ‘दिवा आला नाही’. असे अकरा नंबर. मध्ये एक ओळ त्या कोटाची.

ध्वनिमुद्रण आम्ही खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनातल्या पोहण्याच्या तलावात केलं. नव्वदच्या दशकात त्यातलं पाणी गेलं ते आलंच नाही, पण तिथला घुमारा मोठ्या शहरातल्या कुठल्याही स्टुडिओला मिळणार नाही असा. ड्रम खोल बाजूला, रौशान उथळ बाजूला, मध्ये दोरीवर घराघरांतून आणलेल्या सतरंज्या. भिंतीवर फरशीचा अंतराळवीर डॉल्फिनला हात करतो आहे. नऊ गाणी दोन आठवड्यांत झाली. आम्ही चाळिशी ओलांडलेली माणसं आहोत, वेगात वाजवायला लागलो की वाल्देमारची पाठ धरते, पण ती नऊ गाणी चांगली झाली. त्यांच्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.

दहावं गाणं दिव्यांचं. रौशान सरळ उभी राहून, हात बाजूला सोडून, खिडकीतून नंबर पुकारते तसे पुकारत होती, फक्त चार मजले उंच आवाजात.

“रौशान, शेवटच्या नंबरावर आवाज थोडा फाटू दे,” अर्काडी म्हणाला.

“का?”

“लोकांना समजायला नको, हा शेवटचा?”

“लोकांना दहापर्यंत मोजता येतं, अर्काशा. पुढचा आला की समजेल.”

“अगं, पण थोडी भावना...”

“मी दिवे देते. भावना तू गिटारीत घाल.”

वाल्देमार खोल बाजूनं ओरडला, “अरे, घ्या लवकर! मला इथे एकट्याला बुडल्यासारखं वाटतंय!”

शेवटचा नंबर तिनं सहाशे चौदा म्हटला. बाकी दहा जणांचे दिवे वर्षानुवर्षं ठरलेले होते, ते तिला पाठ. कंत्राटाच्या माणसाला जादाच्या फळीवरचा कुठलाही देतात. मी विचारलं, “नक्की?”

“झाके,” ती मला म्हणाली, “दोनशे माणसं खिडकीत, सगळे ओरडतायत, आणि तो हसून म्हणाला, ताई, चांगला उजेड पडणारा द्या. तेवढं नक्की.”

अल्बमचा खर्च खाण कंपनीचा होता. खाणकामगार दिनानिमित्त ‘स्थानिक कलेला प्रोत्साहन’ या नावाखाली. म्हणून गाण्यांचे शब्द अकिमातीच्या संस्कृती विभागात मंजुरीला द्यायचे होते. तलावात त्यावर भांडण झालं.

“दहाव्याच्या जागी बर्चच्या झाडांवर काहीतरी खरडून देऊ,” वाल्देमार म्हणाला. “अल्बम निघाल्यावर काय करणार आहेत?”

“नाही,” रौशान म्हणाली. “जसं आहे तसं जाऊ दे. एकदा तरी ते सरकारी टेबलावर पडू दे. फेकू देत. फेकायला हातात तर घ्यावं लागेल.”

आम्ही जसं आहे तसं दिलं. नंबर, कोट, सगळं. मी स्वच्छ टाइप करून दिलं, खाली चौघांच्या सह्या. मग मोजे, किमची आणि राजीनामा. चौदाव्या दिवशी ते अभिनंदनाचं पत्र आलं: ‘मजकुराबाबत हरकत नाही. पिढ्यांना जोडणाऱ्या या उज्ज्वल कार्यास शुभेच्छा.’

मी पत्र घेऊन तडक विभागप्रमुखांकडे गेलो. साल्तानात येर्केनोव्ना. ही माझी जुनी विद्यार्थिनी, मला अजून अगाय, म्हणजे सर, म्हणते. माझ्या विषयात तीनदा नापास झाली आणि त्याबद्दल माझ्यावर तिचा राग नाही, हे तिच्या भरभराटीवरून दिसतंच.

“या, या, अगाय! चहा घ्या. बाउर्साक घ्या, गरम आहेत.”

“साल्तानात येर्केनोव्ना, तुम्ही हे वाचलंत?”

“अगाय, तुमच्यावर आमचा विश्वास नाही का?”

“विश्वासाचं राहू द्या. शेवटचं गाणं बघितलंत?”

“शेवटचं फार छान आहे! समारोपाला तसंच काहीतरी लागतं.”

“त्यात काय आहे?”

ती हसली. माझ्या तोंडी परीक्षेत हसायची तशीच. “अगाय, तुम्ही अजून प्रश्न विचारता!”

“त्यात आक्षेपार्ह मजकूर आहे,” मी म्हणालो. “गंभीर स्वरूपाचा.”

“तुम्ही ना, फार नम्र आहात. कलावंत नेहमी स्वतःत खोट काढतो.” तिनं माझ्या बशीत आणखी दोन बाउर्साक ठेवले. स्वतःच स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन गेलेला माणूस बशीभर पुरीसारखं काहीतरी खाऊन परत आला. माझ्या वडिलांना एका विनोदापायी तीन वर्षं तुरुंग मिळाला होता. निदान तो विनोद कोणीतरी नीट ऐकून घेतला होता.

उठताना ती म्हणाली, “आणि हो, तुसाउकेसेर झोकात करायचा बरं का. खाणकामगार दिनाला, भवनात. चारशे पानं. दोन घोडे कापायला सांगितलेत.”

तुसाउकेसेर म्हणजे लेकरू पाऊल टाकायला लागलं की करतात तो विधी. लेकराच्या पायांना काळ्यापांढऱ्या धाग्यांची दोरी बांधायची आणि भल्या माणसाच्या हातून कापायची. ज्याच्या हातून कापाल त्याच्यासारखं लेकरू होतं. काळापांढरा धागा यासाठी, की त्यानं दुसऱ्याचं घेऊ नये आणि खोटं बोलू नये. आता हा विधी पुस्तकांचा होतो, पुलांचा होतो. गेल्या वर्षी बाजारातल्या एटीएमचा झाला.

“कापणार कोण?” मी विचारलं.

“अगाय, हे काय विचारणं झालं? ओराझ्बेक दुइसेनोविच!”

ओराझ्बेक दुइसेनोविच खाणीचे संचालक. स्फोट झाला तेव्हा मुख्य अभियंता होते. वही भिजली असं समितीला सांगितलं ते त्यांनीच.

मी तलावात जाऊन हे सांगितलं. वाल्देमारनं काड्या खाली ठेवल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. ती भाषा तो फक्त यंत्र बिघडल्यावर वापरतो. अर्काडी म्हणाला, “नाही करायचा कार्यक्रम. प्रती आहेत आपल्याकडे, नेटवर टाकू.”

“नेटवर कोण ऐकणार? आपण चौघं आणि तुझी सासू,” रौशान म्हणाली. बराच वेळ ती अंतराळवीराकडे बघत बसली होती. “येऊ दे त्याला. मला एवढंच हवंय, की त्यानं ते गाणं शेवटपर्यंत ऐकावं. सगळ्यांसमोर. उभ्यानं.”

“त्याला धरून कोण ठेवणार, रौशान? हे लोक कात्री ठेवतात आणि मांसाकडे वळतात.”

“ते मला नाही माहीत,” ती म्हणाली आणि त्या संध्याकाळी बातिमा आपाकडे चहाला गेली.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. भवनाच्या अंगणात कढया, दालनात चारशे माणसं, पहिल्या रांगेत मेलेल्या दहा जणांची घरची मंडळी. त्यांना दर वर्षी तिथे बसवतात आणि एकेक ब्लँकेट देतात. बातिमा आपाला निमंत्रण नसतं. ती आली आणि पहिल्या रांगेत बसली. पांढरा रुमाल बांधलेल्या म्हातारीला उठवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

भाषणं नऊ झाली. सूत्रसंचालकानं आम्हाला ‘आमचे तरुण कलाकार’ म्हटलं. चौघांचं मिळून वय एकशे एक्क्याण्णव. मग अल्बम आणला. सीडीला पाय नसतात ही अडचण विभागाच्या लक्षात आली होती, म्हणून त्यांनी प्लायवूडची हातभर रुंद चकती करून घेतली होती, तिच्यावर आमचं नाव आणि ‘चौथी पाळी’ हे शीर्षक, आणि खाली दोन लाकडी पाय. पायांत पांढरे मोजे. वीस वर्षांच्या रियाजाचं फळ ते, मोजे घालून, पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर उभं होतं. वाल्देमारनं माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे नाही.

ओराझ्बेक दुइसेनोविच वर आले. त्यांच्या खांद्यावर जरीचा चापान, म्हणजे मानाचा झगा, घातला गेला. सूत्रसंचालक म्हणाला, “ज्यांच्या नेतृत्वाखाली यंदा छत्तीस लाख टन कोळसा...”

“छत्तीस लाख चाळीस हजार,” संचालक म्हणाले.

“...छत्तीस लाख चाळीस हजार टन कोळसा, आणि ज्यांच्या पंचवीस वर्षांच्या सेवेत...”

“सव्वीस.”

टाळ्या. कात्री आली. दोरी कापली. अक्साकालनं हात पसरून आशीर्वाद दिला, आमचं मूल खरं बोलणारं होवो म्हणून. संचालकांनी कात्री तबकात ठेवली आणि जिन्याकडे वळले.

“ओराझ्बेक, बाळा, थांब,” बातिमा आपा उभी राहिली. “दोरी कापलीस. आता चालवणार कोण?”

दालनात खसखस पिकली. साल्तानात पुढे धावली. “आपा, ते लाकडाचं आहे.”

“पाय तर तुम्हीच लावलेत ना, मुली? मोजेसुद्धा घातलेत. दोरी कापणाऱ्यानं लेकराचा हात धरून कापडाच्या टोकापर्यंत चालवायचं असतं. अर्ध्यावर सोडलं तर पांगळं होतं. विचारा अक्साकालना.”

सेइत्काली अक्साकालनं दाढीवरून हात फिरवला. “खरं आहे. अर्ध्यावर सोडू नये.”

“आता हे चालणार कसं, आपा?” संचालक हसत म्हणाले. माणूस वाईट दिसत नव्हता. ते कधीच दिसत नाहीत.

“गाण्याचं लेकरू गाण्यानं चालेल. शेवटचं गाणं वाजवू दे त्यांना. ते संपेपर्यंत हात सोडू नकोस.”

चारशे माणसांसमोर, म्हातारीच्या तोंडून आलेला रिवाज. नाही म्हणायची सोय नव्हती. संचालकांनी एका हातात चकतीची कड धरली, दुसऱ्या हातात सूत्रसंचालकानं, शेवटी दोन शब्द बोलायचेत म्हणून, माइक दिला. आम्ही वाद्यांकडे गेलो. साल्तानात मला हळूच म्हणाली, “अगाय, तीन मिनिटांत आवरा, मांस निवतंय.”

पहिल्या ठोक्याला झुंबराच्या काचा वाजल्या. हार्ड रॉक हे संगीत मंद आवाजात म्हणजे नुसतं दुखणं. तो आवाज छातीत शिरला पाहिजे. त्या दिवशी शिरला. रौशान पुढे आली, हात बाजूला सोडले आणि पहिला नंबर पुकारला. एकशे बारा. चार ठोके. दिवा आला नाही.

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं ब्लँकेट खाली ठेवलं. दुसऱ्या नंबरापर्यंत त्या सगळ्या रांगेला समजलं होतं. घरातल्या माणसाच्या दिव्याचा नंबर बायकांना लग्नाच्या तारखेसारखा पाठ असतो. आपापला नंबर आला की त्या उभ्या राहत होत्या, कोणी न सांगता. एखादीबरोबर मुलगा, एखादीबरोबर सून.

मी संचालकांकडे बघत होतो. मला वाटलं होतं, लाज दिसेल, भीती दिसेल, निदान राग. ते मान हलवत होते. प्रत्येक नंबराला एकदा. ओठही हलत होते. हजेरी तपासणाऱ्या माणसासारखे. दोनशे सात, बरोबर. तीनशे तीस, बरोबर. कोटाची ओळ आली तेव्हा त्यांनी चापान नीट केला, एवढंच. दहा झाले. पहिली रांग पूर्ण उभी होती, बातिमा आपा तेवढी बसली होती.

“सहाशे चौदा!” रौशाननं पुकारलं. चार ठोके. दिवा आला नाही.

बातिमा आपा उभी राहिली. संचालकांनी मान हलवली नाही. कपाळाला आठी घातली.

गाणं संपलं. अर्काडीची शेवटची तार विरली, टाळी कोणी वाजवली नाही. संचालकांनी माइक तोंडाशी नेला.

“दमदार गाणं आहे,” ते म्हणाले. “आमच्या कामगारांची जिद्द त्यात दिसते. फक्त शेवटचा नंबर चुकलाय. सहाशे चौदा त्या दिवशी दुरुस्तीला होता. सहाशे एक्केचाळीस.”

बाहेर कढईवरचं झाकण कोणीतरी काढलं, ते ऐकू आलं.

“सहाशे एक्केचाळीस,” बातिमा आपा म्हणाली. “म्हणजे दिवा गेला होता, बाळा.”

“कुठला दिवा, आपा?”

“तू सांगितलास तो.”

“मी केवळ... आकडेवारीच्या दृष्टीनं...”

“वही भिजली म्हणाला होतास. वाळली का?”

संचालकांनी माइक खाली केला. साल्तानातनं सूत्रसंचालकाला खूण केली, तो ओरडला, “प्रिय पाहुणे हो, आता सर्वांनी भोजनासाठी...”

“हो, भोजन वाढा,” बातिमा आपा म्हणाली. “पण आधी कुराण म्हणा. आज माझ्या मेइरामचा आस आहे.”

अक्साकाल तिच्याकडे वळला. “बातिमा...”

“पाच वर्षं तुम्हीच सांगत आलात, जिवंत माणसाचा आस घालू नये. आता सांगा, अक्साकाल. तुम्हीही ऐकलंत. मला ऐकू कमी येतं, तुम्हाला तर येतं ना?”

म्हाताऱ्यानं संचालकांकडे बघितलं. मग तो खुर्चीवर बसला, टोपी सरळ केली आणि तळवे उघडले.

आमच्यात एकदा कुराण सुरू झालं की कोणी उठत नाही, पंतप्रधान असो की पाकीटमार. चारशे माणसं बसली, तळवे उघडले गेले. सूत्रसंचालक होता तिथेच खाली बसला. वाल्देमार लुथरन ख्रिस्ती, त्यानंही काड्या मांडीखाली घेऊन हात उघडले. संचालकांच्या हातात चकती होती. ती घ्यायला कोणी पुढे आलं नाही. शेवटी त्यांनी ती गुडघ्यांत धरली आणि तळवे उघडले. जरीचा चापान, गुडघ्यांत आमचा अल्बम, आणि मोजे घातलेले दोन पाय पुढे आलेले. म्हाताऱ्यानं शेवटी दहा नावं घेतली, आणि अकरावं मेइराम. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. त्यांनीही फिरवले.

मांस आलं. बातिमा आपानं ताट स्वतः उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. “घे बाळा. माझ्या लेकाचं आहे. न चाखता जाऊ नये.”

मला वाटत होतं, घास त्यांच्या घशाखाली उतरणार नाही. उतरला. त्यांनी दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

गुरुवारी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आमच्या अल्बमचं परीक्षण आलं. अर्धं पान. पाहुण्यांची नावं, घोड्यांची जात, पदार्थांची यादी, आणि ‘संचालकांनी कलावंतांना मोलाचं तांत्रिक मार्गदर्शन केलं’. गिटारीबद्दल एक शब्द नाही, ड्रमबद्दल नाही, नऊ गाण्यांबद्दल नाही. बासबद्दल मी अपेक्षाच ठेवली नव्हती. अर्काडीनं त्या दिवशीचं सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. ते आम्ही सरकारी वकिलाच्या कचेरीत दिलं. उत्तर वेळेत आलं: ‘सदर ध्वनिफीत ही कलाकृती असल्याने तिचा पुरावा म्हणून विचार करता येत नाही.’ वीस वर्षांत आमच्या कामाला कोणी कलाकृती म्हटलं असेल तर ते या पत्रात.

ते पत्र आलं त्याच दिवशी रौशान तलावात आली. पाळीवरून थेट, कपड्यांना दिव्यांच्या बॅटऱ्यांचा वास.

“तेवढा नंबर बदलायचाय,” ती म्हणाली.

“मग सगळं गाणं पुन्हा घेऊ,” अर्काडी म्हणाला. “नुसता तेवढा तुकडा घातला तर जोड ऐकू येईल. आवाज वेगळा लागणार तुझा.”

“ऐकू येऊ दे.”

“लोक म्हणतील, काम कच्चं आहे.”

“लोक जेवण चांगलं होतं म्हणाले, अर्काशा. लाव.”

अर्काडीनं बटण दाबलं. वाल्देमारनं खोल बाजूनं चार ठोके दिले. रौशाननं हात बाजूला सोडले आणि सहाशे एक्केचाळीस पुकारला, एकदाच, आणि जोड ऐकू येतो.